आम्ही कसे दिवस काढले! चाळिशी-पन्नाशीनंतर जुन्या कष्टांचं ओझं उतरवायचं कसं?

असं एक घर डोळ्यासमोर आणा. रात्रीची जेवणं चालली आहेत. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "बाबा, मैत्रिणींबरोबर दोन दिवस अलिबागला जायचंय. तीन हजार लागतील."

तीन हजार रुपये देणं बाबांना आज अजिबात जड नाही. गृहकर्ज फिटत आलंय, पगार वेळेवर होतो. तरीही कपाळाला आठी पडते. आधी "कशाला?" येतं आणि मग "तुझ्या वयाचा असताना मी..." सुरू होतं. पहाटे उठून टाकलेले पेपर, रात्रशाळा, दोन शर्टांवर काढलेलं वर्ष, मामाकडे राहताना ऐकलेले टोमणे. मुलगी ताटाकडे बघत ऐकत राहते. हे सगळं तिला पाठ आहे. शेवटी ती म्हणते, "राहू द्या बाबा, नाही जात." आई भांडी आवरायला उठते. काहीतरी बिघडलं हे बाबांनाही कळतं, पण नेमकं काय ते त्यांना सांगता येत नाही.

हे घर काल्पनिक आहे. पण तुमच्या ओळखीत असं एक तरी घर असेल. कदाचित ते तुमचंच असेल.

या घरात खरं तर तीन हजारांचा प्रश्न नव्हताच. तीस वर्षांपूर्वीचे दिवस त्या जेवणाच्या ताटावर येऊन बसले होते. ते दिवस संपले, परिस्थिती बदलली, तरी मनातून ते जात का नाहीत? आणि चाळिशी-पन्नाशीतच ते जास्त का उसळून येतात? "सोडून दे आता" असं सगळे म्हणतात, पण सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हेच आज समजून घेऊया.

चाळिशी-पन्नाशीतच हे का होतं?

तिशीपर्यंत मागे बघायला वेळच नसतो. नोकरी, लग्न, मुलं, भाड्याचं घर, मग स्वतःचं घर, त्याचे हप्ते. माणूस पळत असतो. पळताना पायात काटा असला तरी तो तेवढा जाणवत नाही. चाळिशीनंतर वेग थोडा कमी होतो आणि काटा टोचायला लागतो.

'मिडलाइफ क्रायसिस' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. एलियट जॅक्स या कॅनडात जन्मलेल्या मनोविश्लेषकाने १९६५ मध्ये आपल्या निबंधात तो वापरला आणि तो रूढ झाला. त्याचं म्हणणं असं होतं की या वयात माणसाला पहिल्यांदा मनापासून जाणवतं की आयुष्याला शेवट आहे. आतापर्यंत जगलो किती हे मोजणारा माणूस उरलंय किती हे मोजायला लागतो. मग आपोआप हिशोब सुरू होतो: काय मिळालं, काय राहून गेलं, कोणामुळे राहून गेलं.

आणखी दोन गोष्टी याच वयात घडतात. एक म्हणजे आईवडील थकतात किंवा जातात. ज्यांच्यावर राग होता किंवा ज्यांच्याकडून एखादा शब्द ऐकायचा राहिला होता, ती माणसंच उरत नाहीत. दुसरी म्हणजे आपली मुलं त्या वयाला येतात, ज्या वयात आपले सर्वांत वाईट दिवस होते. मुलगा दहावीला जातो आणि आपल्याला आपली दहावी आठवते. वरच्या घरातल्या बाबांचं हेच झालं होतं.

महाराष्ट्रात आज पन्नाशी ओलांडलेल्या पिढीकडे बघितलं तर हे आणखी स्पष्ट दिसतं. या पिढीतली कितीतरी माणसं १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मली. दुष्काळी कामांवर खडी फोडणारे आईवडील, रेशनवरचा लाल मिलो आणि सुकडी यांच्या गोष्टी ऐकतच ती मोठी झाली. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा ही मुलं शाळेत होती. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते. गिरणगावातल्या अनेक घरांत पगार थांबला तो पुन्हा सुरू झालाच नाही. कितीतरी कुटुंबं कोकणात, देशावर गावी परतली आणि मुलांच्या शाळा सुटल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ही मुलं ऐन विशीत होती. गणपती विसर्जनानंतर लोक गाढ झोपेत असताना झालेल्या त्या भूकंपात लातूर आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसं गेली.

प्रत्येकाच्या वाट्याला असं मोठं संकट आलं असेल असं नाही. कोणाचे वडील दारू प्यायचे, कोणी सावत्र आईचा जाच सोसला, कोणाला सासरी दहा वर्षं मान वर करता आली नाही, कोणाची भावाने फसवणूक केली. अशी दुःखं बातम्यांत येत नाहीत, पण मनात तितकीच खोल जातात. त्या काळात बोलायची पद्धत नव्हती, समुपदेशक हा शब्दही माहीत नव्हता. "गप बस, कामाला लाग" हाच एक उपाय होता. तो त्या वेळी बऱ्यापैकी चाललाही. मात्र गप्प बसून जे आत राहिलं, ते आता वर येतंय.

"विसरून जा" हा सल्ला का चालत नाही?

१९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याने विद्यार्थ्यांना सांगितलं, पुढची पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच विचार तर समोरची घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. पुढे त्याच विद्यार्थ्यांना सांगितलं की आता अस्वलाचा विचार करायला हरकत नाही. तेव्हा, ज्यांना सुरुवातीपासूनच मोकळीक होती त्यांच्यापेक्षा यांच्या मनात अस्वल जास्त वेळा आलं. म्हणजे दाबलेला विचार संधी मिळताच दुप्पट जोराने येतो.

"झालं गेलं गंगेला मिळालं" असं कोणी म्हटलं की आपल्याला बरं का वाटत नाही, त्याचं कारण इथे आहे. मनावर जबरदस्ती करून विसरता येत नाही. विसरायची गरजही नसते. हातावर भाजल्याचा डाग आयुष्यभर राहतो, पण तो रोज दुखत नाही. आपल्याला तिथपर्यंत पोहोचायचं आहे.

उगाळणं वेगळं, उलगडणं वेगळं

मग सतत आठवत, बोलत राहायचं का? तर तेही नाही. मराठीत यासाठी फार नेमका शब्द आहे: दुःख उगाळणं. सहाणेवर चंदनाचं खोड फिरवत राहावं, तसं मन तीच घटना गोल गोल फिरवत राहतं. "माझ्याच वाट्याला का?", "त्याने असं करायला नको होतं", "मी तेव्हा गप्प का बसले?" प्रश्न तेच, उत्तर कधीच नाही.

या उगाळण्याचा सर्वांत गाजलेला अभ्यास सुसान नोलेन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञाचा. ती कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात होती. विद्यार्थी वाईट वाटल्यावर काय करतात, विचार उगाळत बसतात की दुसऱ्या कशात मन घालतात, याची माहिती तिने प्रश्नावलीतून घेतली होती. त्यानंतर १४ दिवसांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, त्या भागात मोठा भूकंप झाला. तिने त्याच विद्यार्थ्यांना दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी प्रश्न विचारले. ज्यांना आधीपासून उगाळत बसण्याची सवय होती, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. भूकंप सगळ्यांनीच अनुभवला होता, पण त्याच्याशी मन कसं वागलं यावर पुढचं बरंच अवलंबून होतं.

उलगडणं याच्या उलट आहे. गुंता झालेल्या दोऱ्याचं एक टोक धरून हळूहळू पुढे जावं, तसं. आपण काय करतोय हे ओळखायला सोपी खूण आहे. अर्धा तास त्या गोष्टीचा विचार करून किंवा कोणाशी बोलून झाल्यावर काही नवं कळलं का? एखादा बारकावा, दुसऱ्याची बाजू, स्वतःबद्दलचं काही? कळलं असेल तर ते उलगडणं. फक्त छाती जड झाली आणि राग पुन्हा ताजा झाला असेल, तर ते उगाळणं.

सोडायचं काय? आठवण नाही, जुना नियम

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कठीण दिवस माणसाला फक्त आठवणी देत नाहीत, नियमही देतात. ते नियम आपण कधी लिहून ठेवलेले नसतात, पण रोज पाळतो. उदाहरणं बघा.

• घरात पुढच्या महिन्याचा किराणा भरेल की नाही याची खात्री नव्हती, तेव्हा नियम झाला: पैसा खर्च करायचा नाही. त्या नियमाने घर तगलं. आज त्याच नियमामुळे गुडघेदुखी असूनही माणूस रिक्षा करत नाही, डॉक्टरकडे जायचं पुढे ढकलतो.

• जवळच्या माणसाने फसवलं, तेव्हा नियम झाला: कोणावर विश्वास ठेवायचा नाही. त्याने पुढचं नुकसान टळलं. आज त्याच नियमामुळे जावयाच्या, सुनेच्या प्रत्येक चांगल्या वागण्यातही काहीतरी डाव दिसतो.

• रडलं की मार पडायचा, तेव्हा नियम झाला: दुखलं तरी सांगायचं नाही. त्याने लहानपणी बचाव झाला. आज नवरा-बायको एकाच छताखाली राहूनही एकमेकांना काय होतंय ते सांगत नाहीत.

• सगळी जबाबदारी अंगावर पडली होती, तेव्हा नियम झाला: मी थांबले तर घर कोसळेल. आज मुलं मोठी झाली तरी ती बाई दुपारी अर्धा तास पडली की तिला अपराधी वाटतं.

या नियमांना वाईट म्हणू नका. पावसाळ्यात छत्री लागतेच. प्रश्न फक्त एवढाच की पाऊस थांबून वीस वर्षं झाली आणि आपण अजून छत्री उघडीच धरून चाललोय. त्यामुळे हात दुखतोय आणि शेजारून चालणाऱ्यांना तिच्या काड्या टोचतायत.

म्हणून "सोडून द्यायचं" म्हणजे काय, याचं उत्तर असं: आठवण राहू द्या, तिच्यातलं शहाणपणही ठेवा. ज्या नियमाची आता गरज उरली नाही, तेवढा सोडा. हे एका दिवसात होत नाही, पण करता येतं. कसं ते बघू.

१. चार दिवस, रोज पंधरा मिनिटं: लिहून काढा

जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये सहकारी सँड्रा बील हिच्याबरोबर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक घटनेबद्दल लिहायला सांगितलं. काहींना मात्र अगदी साध्या विषयांवर लिहायला दिलं. घटना आणि त्या वेळच्या भावना असं दोन्ही ज्यांनी लिहिलं, त्यांना पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं.

यानंतर जगभरात असे अनेक प्रयोग झाले. सगळ्यांचा मिळून निष्कर्ष असा की फायदा होतो, पण तो माफक असतो आणि प्रत्येकाला होईलच असं नाही. तरी वही-पेनाशिवाय खर्च नसल्याने करून बघायला हरकत नाही. व्याकरण, शुद्धलेखन विसरा. कोणाला दाखवायचं नाही, हवं तर नंतर फाडून टाका. काय झालं, तेव्हा काय वाटलं आणि आज त्याकडे बघताना काय वाटतं, हे तिन्ही लिहा.

एक सावधगिरी मात्र हवी. लिहून झाल्यावर लगेच उदास वाटू शकतं, पेनेबेकरच्या विद्यार्थ्यांनाही वाटलं होतं. बहुतेकांचं ते थोड्या वेळात ओसरतं. पण लिहिताना धडधड व्हायला लागली, हात थरथरू लागले, तर तिथेच थांबा. ती घटना एकट्याने उघडण्याची नाही. त्याबद्दल पुढे बोलूच.

२. थोडं लांब उभं राहून बघा

जुनी घटना आठवताना आपण बहुतेक वेळा पुन्हा त्यात शिरतो. तोच ओटा, तोच आवाज, तीच भीती. ईथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनात असं दिसलं की तीच घटना लांबून, भिंतीवरच्या माशीने बघावी तशी बघितली, तर त्रास कमी होतो आणि समज जास्त येते.

हे करायची एक सोपी युक्ती म्हणजे "मी" ऐवजी "तो" किंवा "ती" वापरणं. "मला शाळेतून काढलं" ऐवजी "एक बारा वर्षांची मुलगी होती, तिला शाळेतून काढलं." वाक्य बदललं की बघणारा बदलतो. त्या मुलीबद्दल आपल्याला माया वाटायला लागते. आपण इतकी वर्षं तिला "तू बावळट होतीस, बोलायला हवं होतंस" म्हणून बोल लावत होतो, हेही लक्षात येतं.

३. सगळ्यात आधी स्वतःला माफ करा

या वयात दुसऱ्यांवरच्या रागाइतकाच स्वतःवरचा राग असतो. "तेव्हा ती जमीन विकायला नको होती." "ते शिक्षण अर्धवट सोडायला नको होतं." "सावकाराकडून पैसे उचलले तीच चूक झाली." आजच्या डोक्याने आपण तेव्हाच्या निर्णयांना नावं ठेवतो.

इथे तामिळनाडूतला एक अभ्यास फार उपयोगी आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. एकदा तोडणीच्या आधी, जेव्हा हातात पैसा नसतो. पुन्हा तोडणीनंतर, जेव्हा पैसे आलेले असतात. तेच शेतकरी, तशाच चाचण्या. तरी तोडणीच्या आधी त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओढाताण चालू असते तेव्हा डोक्याचा मोठा भाग "आज कसं भागवायचं" यातच अडकलेला असतो आणि लांबचा विचार करायला जागाच उरत नाही, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला.

ऊस लावणाऱ्या घरातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. तेव्हा तुम्ही मूर्ख नव्हता, अडचणीत होता. अडचणीतल्या माणसाने अडचणीत जमेल तसा निर्णय घेतला. आज तुम्ही शांत बसून, पोट भरलेलं असताना त्याचा न्याय करताय. हा न्याय त्या तरुण मुलावर अन्याय करणारा आहे.

४. दुसऱ्याला माफ करणं म्हणजे काय आणि काय नाही

एव्हरेट वर्थिंग्टन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ क्षमा या विषयाचा अभ्यास करत होते. १९९५ च्या वर्षअखेरीस त्यांच्या आईचा तिच्याच घरात खून झाला. पुस्तकात लिहिणं आणि स्वतःवर वेळ येणं यातला फरक त्यांनी भोगला, आणि त्यानंतरही ते याच विषयावर काम करत राहिले. ते क्षमेचे दोन भाग सांगतात. पहिला निर्णयाचा: मी सूड घेणार नाही, त्याच्या मागे लागणार नाही. दुसरा भावनेचा: मनातली कटुता कमी होणं. निर्णय एका दिवसात घेता येतो. भावनेला वर्षं लागू शकतात. म्हणून "मी माफ केलं, तरी अजून राग येतो" याची लाज वाटून घेऊ नका.

क्षमेबद्दल आपल्याकडे मोठा गोंधळ आहे. माफ करणं म्हणजे झालं ते बरोबर होतं असं म्हणणं नाही. पुन्हा संबंध जोडणंही नाही. ज्याने हात उगारला त्याच्या घरी दिवाळीला जायलाच हवं, असं काही नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट, विशेषतः बहिणींसाठी. "जाऊ दे, जुनं कशाला उकरतेस, भाऊ आहे तुझा" असं म्हणत हक्कसोडपत्र पुढे केलं जातं. मनातून राग सोडणं वेगळं आणि हक्कसोडपत्रावर सही करणं वेगळं. २००५ च्या कायदादुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, आणि तो जन्मानेच मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्क घ्यायचा की सोडायचा हे तुम्ही ठरवा. पण वकिलाला विचारून, शांत डोक्याने ठरवा. "मोठं मन कर" या दडपणाखाली नको. जो अन्याय आजही चालू आहे, तो सोडून द्यायचा नसतो, थांबवायचा असतो.

५. एक नियम निवडा आणि तो थोडासा मोडून बघा

विचार करून नियम सुटत नाहीत, वागून सुटतात. वरच्या यादीत तुमचा कोणता नियम दिसला? तो एका वाक्यात लिहा. मग या आठवड्यात तो अगदी लहान प्रमाणात मोडा.

खर्चाची भीती असेल तर बाजारातून येताना जड पिशव्या घेऊन चालू नका, रिक्षा करा. मदत मागायची नाही असा नियम असेल तर मुलाला सांगा, "आज मला बरं वाटत नाहीये, चहा करशील का?" विश्रांतीची लाज वाटत असेल तर दुपारी वीस मिनिटं पडा आणि कोणी आलं तरी दचकून उठू नका. सुरुवातीला मन आरडाओरडा करेल. आभाळ कोसळणार आहे असं वाटेल. कोसळत नाही हे पाच-सहा वेळा स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की पकड सैल व्हायला लागते.

६. मुलांना गोष्ट सांगा, बिल देऊ नका

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. साधारण चाळिशी ते पासष्टीपर्यंतच्या टप्प्यात त्याच्या मते मुख्य प्रश्न हा असतो की आपण पुढच्या पिढीला काही देतो, की जागच्या जागी थिजून जातो. डॅन मॅकअॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने मध्यमवयीन माणसांकडून त्यांच्या आयुष्याच्या कहाण्या ऐकल्या. पुढच्या पिढीसाठी झटणाऱ्या माणसांच्या कहाण्यांत एक गोष्ट वारंवार आली: वाईटातून पुढे काहीतरी चांगलं निघालं, अशा प्रसंगांना ते महत्त्व देत होते. दुःख त्यांनी लपवलं नव्हतं. फक्त कहाणी दुःखावर संपवली नव्हती.

आपल्या घरात कष्टांची कहाणी बहुतेक वेळा मुलाने काहीतरी मागितल्यावर निघते. तिथेच ती चुकते. त्या क्षणी ती गोष्ट राहत नाही, बिल होते: "मी एवढं सोसलं, आता तू त्याची किंमत दे." मुलं बिल बघून मान खाली घालतात आणि पुढे काही मागायचं, सांगायचंच बंद करतात. तीच कहाणी रविवारी दुपारी, कोणी काही मागितलेलं नसताना सांगून बघा. जुना फोटो काढा. ती चाळ, ते घर दाखवायला घेऊन जा. तेव्हा मदत करणारं कोण होतं, ज्या शेजारणीने महिनाभर जेवू घातलं तिचं नाव काय, कशावर पोट धरून हसायचो, हेही सांगा. वाईट दिवसांतही या गोष्टी होत्या. उगाळताना त्या गळून पडतात, एवढंच.

कधी एकट्याने करू नये?

काही जखमा वही, चहा आणि गप्पांनी भरत नाहीत. जुनी घटना डोळ्यासमोर अशी येते की आत्ताच घडतेय असं वाटतं, वारंवार भयानक स्वप्नं पडतात, झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडलेली आहे, दारू वाढली आहे किंवा जगून काय करायचं असे विचार येतात. यातलं काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जा. लहानपणचा लैंगिक किंवा शारीरिक छळ हा विषयही शक्यतो तज्ज्ञाच्या सोबतीनेच उघडावा.

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. पन्नाशीत पहिल्यांदा समुपदेशकाकडे जाणं यात कमीपणा नाही. चष्मासुद्धा आपण याच वयात लावतो.

पुन्हा त्या घरात

आता सुरुवातीच्या घरात परत जाऊया. तीच रात्र, तेच ताट. मुलगी म्हणते, "बाबा, तीन हजार लागतील." बाबांच्या कपाळाला आठी पडते, कारण ती सवय तीस वर्षांची आहे. जिभेवर "तुझ्या वयाचा असताना" येतं. पण या वेळी ते पाण्याचा घोट घेतात. त्यांना कळतं की हे आत्ताचं नाही, तेव्हाचं आहे. ते विचारतात, "कोण कोण चाललंय? राहणार कुठे?" मुलगी सांगते. ते म्हणतात, "उद्या पाठवतो."

मग थोड्या वेळाने, हात धुताना, ते सहज म्हणतात, "मी अकरावीत असताना आमच्या वर्गाची सहल गेली होती. मी गेलो नव्हतो. त्या दिवशी घरी बसून काय केलं ते सांगेन तुला कधीतरी."

मुलगी म्हणते, "आत्ताच सांगा ना."